गाडी पुन्हा पुन्हा मिसिंग मारते? पार्ट बदलण्याआधी इग्निशनचा दोष जागेवर पकडा

चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की गाडी अडखळायची, म्हणजे मिसिंग मारायची. दोन-तीन झटके बसायचे, मीटरवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायचा, आणि चढ संपला की काही झालंच नाही अशी पळायची. माझ्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीला हा त्रास दीड वर्षात चार वेळा झाला. पहिल्यांदा चारही प्लग बदलले, गाडी छान चालली. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. दुसऱ्यांदा तिसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल बदलली, दोन-अडीच महिने सुखाचे गेले. तिसऱ्यांदा पुन्हा तीच कॉइल, या वेळी ‘आधीची डुप्लिकेट असेल’ असं समजून. चौथ्या वेळी मात्र मी पान्याआधी वही हातात घेतली.

यात फसवणारी गोष्ट अशी की पार्ट बदलल्यावर गाडी दर वेळी खरोखरच बरी व्हायची. त्यामुळे निदान बरोबर होतं असंच वाटायचं. प्रत्यक्षात खराब झालेली कॉइल हा परिणाम होता आणि तिला खराब करणारं कारण आत तसंच बसून होतं. इग्निशनच्या वारंवार उलटणाऱ्या तक्रारींत हे फार वेळा घडतं, म्हणून सविस्तर लिहितोय. हे सगळं पेट्रोल आणि गॅसवर चालणाऱ्या गाड्यांबद्दल आहे. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते.

आधी बिघाड कधी होतो ते लिहून काढा

इंजिन गार असताना होतो की तापल्यावर? आयडलिंगला की चढावर? पावसात किंवा गाडी धुतल्यावर वाढतो का? गाडी पूर्ण बंद पडते की नुसती अडखळते? बंद पडली तर लगेच चालू होते की वीस मिनिटं थांबावं लागतं? या प्रश्नांची उत्तरं कुठल्याही स्कॅनरपेक्षा (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रापेक्षा) मोलाची आहेत, कारण इग्निशनमध्ये बिघाडाची वेळच बिघाडाची जागा सांगते. का, ते समजायला ठिणगी कशी पडते हे दोन मिनिटं बघायला हवं.

कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. प्रायमरीला जाड तारेचे थोडे वेढे, सेकंडरीला केसासारख्या तारेचे त्याच्या साधारण शंभरपट. प्रायमरीतून बॅटरीचा करंट काही मिलिसेकंद वाहू द्यायचा आणि अचानक तोडायचा. तोडल्या क्षणी चुंबकीय क्षेत्र कोसळतं, प्रायमरीवरच तीन-चारशे व्होल्ट उसळतात आणि सेकंडरीला त्याचे तीस-चाळीस हजार होतात. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग यांनी १९१० च्या सुमाराला बॅटरीवर चालणारी ही रचना मोटारीत आणली. तेव्हा करंट तोडायचं काम पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे धातूचे संपर्क, करायचे, आज ट्रान्झिस्टर करतो. तत्त्व तेच राहिलंय.

आता मुख्य मुद्दा. प्लगच्या गॅपमधून ठिणगीने उडी मारायला किती व्होल्टेज लागेल हे सिलिंडरमधल्या दाबावर आणि गॅपवर ठरतं. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, आत हवा कमी, दाब कमी, तेव्हा आठ-बारा हजार व्होल्टमध्ये काम भागतं. उंच गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, चढावर पाय दाबला की सिलिंडर गच्च भरतो आणि तीच ठिणगी वीस हजारांच्या वर व्होल्टेज मागते. कॉइल ते द्यायला तयार असते. पण पुढचा नळ बंद करून पंप चालू ठेवला की पाणी जसं पाइपच्या चिरेतून उडतं, तशी वीज प्लगच्या गॅपऐवजी वाटेतल्या कमजोर जागेतून पळते. रबराला पडलेलं सुईएवढं भोक, सिरॅमिकवरची काळी रेघ, ओलसर वायर, काहीही पुरतं.

म्हणून फक्त लोड आल्यावर मिसिंग असेल तर प्लग, त्यावर चढणारा रबर बूट, कॉइलकडून प्लगकडे जाणारी एचटी वायर आणि कॉइलची सेकंडरी ही हाय टेन्शनची बाजू आधी बघायची. गाडी क्षणात पूर्ण बंद पडत असेल तर सेन्सर, रिले (विजेवर चालणारा स्विच), किल्लीचा स्विच, फ्यूज, अर्थिंग ही बारा व्होल्टची बाजू. एक प्लग किंवा एक वेगळी कॉइल गेल्याने चार सिलिंडरची गाडी सहसा पूर्ण बंद पडत नाही; चारही सिलिंडर एकाच वेळी थांबले तर दोष त्या चौघांना सामाईक असलेल्या ठिकाणी आहे.

हात घालण्याआधी

तीस-चाळीस हजार व्होल्टचा झटका खेळ नाही. जुन्या लोकांची सवय असते, वायर पकडीत धरून बॉडीजवळ नेऊन ‘करंट येतो का’ बघायचं. आताच्या कॉइलवर हे करू नका. हाताला झटका बसतोच, शिवाय ठिणगीला जायला वाट मिळाली नाही तर कॉइलचं आतलं इन्सुलेशन किंवा ईसीयूमधला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला) ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. अर्थला क्लिप लावता येणारा स्पार्क टेस्टर मिळतो, तो वापरा. पेसमेकर असलेल्या माणसाने चालू इंजिनाच्या इग्निशनजवळ येऊच नये. आणि प्लग काढून सेल्फ मारायचा असेल तर आधी पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचे कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे जोड) काढा. उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारी ठिणगी पडत असते.

सेल्फ फिरतो, पण गाडी पकडतच नाही

सुरुवात बॅटरीपासून करा. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही. सेल्फ कसाबसा फिरेल, पण कॉइलला आणि ईसीयूला पुरेसं मिळणार नाही.

मग सेल्फ फिरताना टॅकोमीटरचा, म्हणजे आरपीएम दाखवणारा, काटा बघा. बऱ्याच गाड्यांत तो किंचित थरथरतो, किंवा स्कॅनरवर दीडशे-तीनशे आरपीएम दिसतात. आकडा शून्यच राहिला तर क्रँक सेन्सरचा (इंजिनाचा दांडा फिरतोय हे कळवणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल ईसीयूपर्यंत पोहोचत नाही असा संशय घ्या. इथे खूप लोक फसतात. क्रँक सेन्सर गेला की ईसीयूला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, म्हणून तो ठिणगीही देत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. किल्ली फिरवल्यावर पेट्रोल पंप दोनेक सेकंद चालून थांबतो. प्लग काढून बघावा तर कोरडा! मग माणूस पंप, फिल्टर, रिले असं शोधत बसतो, आणि दोष गिअरबॉक्सच्या तोंडाशी किंवा क्रँक पुलीजवळ बसलेल्या अंगठ्याएवढ्या सेन्सरमध्ये असतो. याउलट चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर प्लग पेट्रोलने ओला निघाला, तर इंधन येतंय आणि इंजेक्टरही उघडताहेत. सिग्नल ठीक आहे, ठिणगीची बाजू तपासा.

मीटरवर लाल किंवा किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर बहुधा इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) किल्ली ओळखत नाहीये. दुसरी किल्ली लावून बघा, मगच बाकीचं.

कॉइलपर्यंत बारा व्होल्ट पोहोचतात का हे बघताना नुसत्या मल्टीमीटरवर विसंबू नका. वायरचे सगळे धागे सडून एकच उरला असला तरी मीटर १२ दाखवतो, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब दोन वायरींना जोडून घ्या. कॉइलचा कपलर काढा, किल्ली ऑन करा, बल्बचं एक टोक कपलरच्या सप्लायच्या पिनेला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. लख्ख पेटला तर सप्लाय दमदार आहे. मंद पेटला तर फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच आणि मधले सांधे यांपैकी कुठेतरी व्होल्टेज खाल्लं जातंय. काही गाड्यांत हा सप्लाय रिलेमधून येतो आणि किल्ली ऑन केल्यावर दोनेक सेकंदच टिकतो, तेव्हा कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून बघा. मात्र ईसीयूकडून येणाऱ्या बारीक ट्रिगर वायरला हा बल्ब चुकूनही लावायचा नाही. ती वायर काही मिलिअँपियरचीच असते, ईसीयू जाईल. वायरिंगचा नकाशा हाताशी नसेल तर कुठली पिन कसली हे आधी शोधा.

एक खास लक्षण सांगतो. सेल्फ फिरत असताना इंजिन पकडतं आणि किल्ली सोडली की त्याच क्षणी बंद होतं. पॉइंटच्या जुन्या गाडीत हा बॅलास्ट रेझिस्टर तुटल्याचा पुरावा आहे, कारण सेल्फ मारताना कॉइलला थेट सप्लाय मिळतो आणि किल्ली सोडल्यावर रेझिस्टरमधून. नव्या गाडीत किल्लीच्या स्विचचा ‘रन’चा संपर्क झिजलेला असण्याची शक्यता मोठी. किल्ली किंचित डावी-उजवी हलवल्यावर मीटरचे दिवे लुकलुकले तर खात्रीच. किल्लीच्या रिंगला डझनभर किल्ल्यांचं वजन लटकवायची सवय असेल तर ती सोडा.

चालता चालता बंद पडते आणि गार झाल्यावर चालू होते

माणसाला सगळ्यांत हताश करणारा बिघाड हाच, कारण गॅरेजला नेईपर्यंत गाडी नीट झालेली असते.

बंद पडताना काय झालं ते आठवा. इग्निशन जातं तेव्हा बटण दाबून दिवा विझवल्यासारखं, एका क्षणात. इंधन कमी पडतं तेव्हा कंदिलातलं तेल संपल्यासारखं. आधी ओढ कमी, मग गचके, मग बंद. गाडी गिअरमध्ये घरंगळत असताना, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवत असतानाच टॅकोमीटर एकदम शून्यावर आला, तर क्रँक सेन्सर किंवा त्याचा सप्लाय यावर बोट ठेवा.

दोन पिनांच्या चुंबकी क्रँक सेन्सरचं वेटोळं बहुतेक गाड्यांत पाचशे ते दीड हजार ओहमच्या दरम्यान मोजतं. पण गार असताना मोजून उपयोग नाही. आतली तार तापल्यावर प्रसरण पावते आणि तुटलेली टोकं एकमेकांपासून दूर जातात. गार झाली की पुन्हा टेकतात. म्हणून गाडी बंद पडली त्या जागेवरच, इंजिन गरम असतानाच मोजायचं. मीटर नसेल तर ओलं फडकं सेन्सरवर दाबून पाच मिनिटं थांबा. एरवी अर्धा तास लागत होता आणि आता पाच मिनिटांत चालू झाली, तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. फडकंच वापरा, गरम सायलेन्सरच्या आसपास पाणी ओतू नका. तीन पिनांचा हॉल सेन्सर असा ओहमवर मोजता येत नाही. त्याचा सप्लाय, अर्थ आणि सिग्नल तपासावे लागतात.

सेन्सर काढलाच तर त्याचं टोक बघा. चुंबकी टोकावर लोखंडाचा बारीक कीस मिशीसारखा चिकटलेला असतो. तो पुसून सेन्सर परत बसवल्यावरच गाडी सुरळीत झाल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. इतका कीस आला कुठून, हा प्रश्न मात्र मनात ठेवा.

हीच गोष्ट इग्निशन रिलेची. आतला सोल्डरचा सांधा तडकलेला असतो, तापला की सुटतो. त्याच आकाराचा आणि त्याच नंबरचा रिले हॉर्नला किंवा पंख्याला असेल तर अदलाबदल करा आणि गाडी चालवा.

मिसिंग: माझा मूळ त्रास

इथे स्कॅनरची खरी मदत होते. पी ०३०० म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये जाळ न होणं, म्हणजेच मिसिंग) होतोय पण कुठल्या एका सिलिंडरमध्ये नाही. पी ०३०१ पासून पुढे शेवटचा आकडा सिलिंडरचा, म्हणजे पी ०३०३ असेल तर तिसरा. पी ०३५१ पासूनचे कोड त्या त्या कॉइलच्या सर्किटचे. ते आले तर वायर आणि कपलर आधी बघा. चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळवतं. त्यापुढे एक कॉइल ही फार किरकोळ गोष्ट.

कोड तिसऱ्या सिलिंडरचा आला म्हणून तिसरी कॉइल बदलायची नाही. कोड फक्त एवढंच सांगतो की तिसऱ्यात जाळ झाला नाही. तिसरी कॉइल दुसऱ्यावर लावा, दुसरी तिसऱ्यावर. कोड पुसा, गाडी त्याच चढावर न्या. मिसफायर दुसऱ्यावर गेला तर कॉइल. नाही गेला तर प्लगची अदलाबदल करा. तरीही तिसराच अडखळत असेल तर इंजेक्टर, वायरिंग, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेशन. एका वेळी एकच वस्तू हलवायची. दोन्ही एकदम हलवल्या आणि मिसफायर सरकला, तर दोष कशाचा हे कळायचा मार्ग राहत नाही.

मी हे केलं. कॉइलची अदलाबदल केली तसा मिसफायर कॉइलबरोबर गेला. म्हणजे कॉइल खराब, बरोबर? तिच्या आधीच्या दोघींबाबतही हेच झालं असतं. प्रश्न होता, एकाच जागच्या कॉइली का मरतात.

कॉइल उपसून प्लग बसतो त्या खोल भोकात टॉर्च मारली. इतर तिन्ही ठिकाणी तळाशी प्लगचा षटकोनी भाग मळकट करडा दिसत होता. तिसऱ्यात मात्र काळं काहीतरी चमकत होतं. लांब काडीला चिंधी गुंडाळून आत फिरवली, तर इंजिन ऑइल. फार नाही, चमचाभरही नसेल. टॅपेट कव्हरच्या आत प्लगच्या नळीभोवती जे सील असतं ते कडक होऊन तिथून तेल थेंबथेंब पाझरत होतं. कॉइलचा रबर बूट त्या तेलात महिनोन्‌महिने बुडलेला. बोटांनी दाबला तर दुसऱ्या बुटांपेक्षा मऊ, फुगलेला, कडेला चिकट. भिंग लावून पाहिल्यावर त्याच्या एका बाजूला टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं, कडा पांढरट. वीज तिथून नळीच्या भिंतीत उडी मारत होती. आयडलिंगला तिला तशी गरज पडत नव्हती. चढावर पडत होती.

प्लग काढल्यावर त्याच्या पांढऱ्या सिरॅमिकवर वरून खाली पेन्सिलीने ओढल्यासारखी एक काळी रेघ होती. हिला कार्बन ट्रॅक म्हणतात. एकदा वीज पृष्ठभागावरून वाहिली की तिथला मळ जळून कार्बन होतो, कार्बन वीज वाहतो, मग पुढची ठिणगी त्याच वाटेने जाते आणि रेघ आणखी गडद होते. पुसून ती जात नाही. आणि प्लगवर रेघ असेल तर बुटाच्या आतही तिचा जोडीदार असतो. पहिल्यांदा मी फक्त प्लग बदलले, तेव्हा बुटातल्या रेघेने नव्या प्लगवर रेघ उमटवली. पुढे फक्त कॉइल बदलली, तेव्हा प्लगवरच्या रेघेने नवीन बूट खराब केला. तेल दोन्ही वेळा होतंच. प्लग, बूट आणि सील या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी व्हायला हव्या होत्या.

एक सावधानता. सिरॅमिक जिथे लोखंडात शिरतं तिथे गोलाकार तपकिरी डाग दिसला तर घाबरू नका. तो हाय व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण चिकटून पडतो आणि निरुपद्रवी असतो. दोष उभ्या रेघेत असतो.

कॉइली वारंवार जाण्याचं आणखी एक नेहमीचं कारण म्हणजे झिजलेले प्लग. इलेक्ट्रोड झिजून ०.८ मिमीचा गॅप १.२ वर गेला की कॉइलला प्रत्येक ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज उभं करावं लागतं. ती रोज ताणाखाली राहते आणि इन्सुलेशन एक दिवस हार मानतं. नवीन कॉइल त्याच प्लगांवर बसवली की तिचंही तेच. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत हे लवकर उघडं पडतं, कारण पेट्रोलपेक्षा गॅसच्या मिश्रणातून ठिणगी काढायला जास्त व्होल्टेज लागतं. गाडी पेट्रोलवर गुळगुळीत आणि गॅसवर मिसिंग मारत असेल तर किटवर खापर फोडण्याआधी प्लगचा गॅप मोजा.

मल्टीमीटरने कॉइल मोजण्याबद्दलही बोलायला हवं. दोन पिनांच्या कॉइलची प्रायमरी अर्धा ते दोन ओहम आणि सेकंडरी, मोजता येत असेल तर, काही हजार ओहम दाखवते. मीटरच्या वायरींचाच ०.२-०.३ ओहम असतो, तो आधी दोन्ही टोकं टेकवून बघा आणि वजा करा. तीन किंवा चार पिनांच्या कॉइलमध्ये ट्रान्झिस्टर आतच असतो, तिथे हे मोजमाप लागू नाही. मुख्य म्हणजे ओहम बिघडलेले दिसले तर कॉइल नक्की खराब. पण ओहम बरोबर दिसले म्हणून कॉइल चांगली ठरत नाही. मीटर तिला दोन-चार व्होल्टवर तपासतो, इंजिन तीस हजारांवर. अदलाबदलीची परीक्षा म्हणूनच मोठी.

काही गाड्यांत एक कॉइल दोन प्लगांना ठिणगी देते, बहुधा १ आणि ४ ला एक, २ आणि ३ ला दुसरी. तिथे मिसफायर १ आणि ४ वर जोडीने आला तर कॉइल किंवा तिचा सप्लाय. जोडीतला एकच अडखळत असेल तर त्याचा प्लग किंवा वायर आधी बघा, तिथे नसेल तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन.

एचटी वायर असलेल्या गाडीत पावसाळी मिसिंग शोधायची जुनी आणि चोख पद्धत म्हणजे रात्रीचा अंधार. इंजिन चालू ठेवून, पंख्यापासून आणि वायरींपासून हात दूर ठेवून, वायरींवर स्प्रेने पाण्याचा बारीक फवारा मारा. जिथून गळती आहे तिथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतात, बारीक टिक-टिकही ऐकू येते. वायर ओहमवर मोजताना सगळ्या एकमेकींशी ताडून बघा. लांबीप्रमाणे फरक असतो, पण बाकीच्या आठ-दहा हजारांवर असताना एकच पन्नास हजार दाखवत असेल किंवा काहीच दाखवत नसेल तर ती गेली. आणि काढताना बुटाला धरून पिळत काढा, वायरला ओढू नका. आतला कार्बनचा धागा तुटतो.

पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटरच्या गाड्या

अशी गाडी जपणाऱ्यांसाठी थोडक्यात. पॉइंटचा गॅप बहुतेक गाड्यांत ०.४ ते ०.५ मिमी. पॉइंट वारंवार जळत असतील, त्यांच्यात ठळक निळी ठिणगी दिसत असेल आणि प्लगला मात्र करंट कमजोर असेल, तर कंडेन्सर बदला, नुसते पॉइंट घासत बसू नका. डिस्ट्रिब्युटरची (एका कॉइलची वीज पाळीपाळीने चारही प्लगांना वाटणाऱ्या भागाची) टोपी उघडून आतल्या दोन खांबांमध्ये कोळशाची रेघ आहे का बघा; ही तीच कार्बन ट्रॅकची गोष्ट. मधलं कार्बनचं बटण झिजून आत गेलेलं नसावं. वायरी काढण्याआधी फोटो काढून ठेवा. चार सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी १-३-४-२ असतो, पण टोपीखालचा रोटर कुठल्या दिशेने फिरतो त्यावर टोपीवरची मांडणी ठरते.

इग्निशन नसतानाही इग्निशनसारखं वाटतं तेव्हा

आयडलिंगला गाडी थरथरते पण रेस केल्यावर सुधारते, हे इग्निशनच्या उलट लक्षण आहे. इनटेकमध्ये कुठून तरी जादा हवा शिरतेय का, व्हॅक्यूमचा पाइप चिरलाय का ते पाहा. चारही प्लग काजळीने काळे कोरडे असतील तर मिश्रण घट्ट आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. एकच प्लग तेलकट काळा असेल तर त्या सिलिंडरचे रिंग किंवा व्हॉल्व्ह सील. चांगल्या प्लगच्या टोकाचा रंग फिकट तपकिरी किंवा राखाडी असतो.

आणि अर्थिंग विसरू नका. बॅटरी ते बॉडी आणि बॉडी ते इंजिन या दोन पट्ट्या कुजल्या की कधी मिसिंग, कधी मंद सेल्फ, कधी भलतेच कोड असं काहीही होतं. सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये मीटर लावा. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्ट्या आणि त्यांचे नट घासून साफ करा. दहा मिनिटांचं काम आहे, बऱ्याच चौकशा इथेच मिटतात.

बसवताना

ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग इंजिन गार असतानाच काढा, नाहीतर आटे सोबत येतात. भोकातला कचरा आधी हवेने उडवा. नवीन प्लग पहिले काही आटे हातानेच फिरवायचा. टॉर्क पाना नसेल तर वॉशर असलेला नवीन प्लग हाताने टेकेपर्यंत आणि पुढे अर्धा ते पाऊण फेरा. तिरक्या बैठकीचा, बिनवॉशरचा प्लग असेल तर फेऱ्याचा सोळावा हिस्सा बस. रेझिस्टर असलेल्या प्लगच्या जागी बिनरेझिस्टरचा घालू नका, त्याचा विद्युत गोंगाट ईसीयू आणि सेन्सरना त्रास देतो. बुटाच्या आतल्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, म्हणजे पुढच्या वेळी तो चिकटून फाटणार नाही.

मी टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि चारही नळ्यांची सील बदलली, भोकं कोरडी केली, चारही प्लग आणि तिसरी कॉइल बुटासकट नवी घातली. कोड पुसले आणि त्याच चढावर, चौथ्याच गिअरमध्ये, स्कॅनरवर मिसफायरचा आकडा उघडा ठेवून गाडी तीन वेळा चढवली. तिसऱ्या सिलिंडरसमोर शून्य होतं. महिन्याभराने कॉइल उपसून पुन्हा टॉर्च मारली. तळ कोरडा होता.